ओंडके चिरून फळ्या काढण्यासाठी चेनसॉ: किती ताकदीचा घ्यावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गेले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड भागातील बागांमध्ये आंबा, फणस, नारळ, सुपारी, साग अशी झाडे मुळासकट आडवी झाली. वाटा मोकळ्या करण्यासाठी गावोगावी चेनसॉ चालले. वाटा मोकळ्या झाल्या, पण कापून बाजूला लोटलेल्या ओंडक्यांचा प्रश्न राहिला. जे लाकूड पावसाआधी उताराच्या बागेतून बाहेर निघाले नाही, ते सरपणाच्या भावाने गेले किंवा जागीच कुजले.

तेव्हापासून शेतकऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "घरात चेनसॉ आहे, त्यावरच ओंडक्याच्या फळ्या काढता येतील का? नसेल तर कोणता घ्यावा?" घरातला चेनसॉ बहुधा फांद्या छाटण्याचा, ३० ते ४५ सीसीचा असतो. त्याने आठ-नऊ इंची ओंडक्याचे दोन भाग करता येतील. नेमाने फळ्या काढण्याच्या कामात तो टिकणार नाही. असे का होते हे समजले की नवीन यंत्र निवडताना फसगत होत नाही.

आडवे कापणे आणि उभे चिरणे

अठरा इंच व्यासाचा ओंडका आडवा तोडताना साखळीला जेमतेम पावणेदोन चौरस फूट लाकूड कापावे लागते. तोच ओंडका आठ फूट लांब असेल आणि मधोमध उभा चिरायचा असेल, तर एका चिरीत बारा चौरस फूट लाकूड कापले जाते, म्हणजे जवळपास सातपट. आणि ही झाली एक चीर. एका ओंडक्यातून सहा-सात फळ्या काढायच्या म्हणजे अशा सात-आठ चिरी.

दुसरी गोष्ट वेळेची. आडवा काप मिनिटभरात संपतो. मग यंत्र मंद चालते, आपण पुढच्या कापाकडे जातो, तेवढ्यात इंजिन थंड होते. चिरकामात मात्र पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, पूर्ण भाराखाली, पाच ते दहा मिनिटे सलग चालावे लागते. हे सगळे टू-स्ट्रोक इंजिन हवेने थंड होणारे असते आणि त्याचे वंगण म्हणजे फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल. कमी ताकदीचे यंत्र अशा भाराखाली फेरे टाकू लागते, पंख्याची हवा कमी होते, उष्णता वाढते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

तिसरी बाब लाकडाच्या धाग्याची. फ्रेम लावून चिरताना बार ओंडक्याच्या रुंदीत आडवा असतो आणि यंत्र लांबीच्या दिशेने सरकते. प्रत्येक दात धाग्यांच्या तोंडावर, म्हणजे लाकडाच्या सर्वांत कठीण बाजूवर चालतो. म्हणूनच या कामात साखळीतून पिठासारखा बारीक भुसा पडतो. बार ओंडक्याच्या लांबीला समांतर धरून चिरले तर लांब, शेवयांसारखे धागे निघतात आणि यंत्र सहज पुढे जाते. जाड ओंडक्याचे दोन किंवा चार भाग करायला ही पद्धत चांगली आहे. धागे क्लचच्या झाकणाखाली कोंबून बसतात, ते अधूनमधून काढावे लागतात, एवढेच. पण या पद्धतीने हाताने एकसारख्या जाडीची फळी निघत नाही.

पूर्वी गावात मोठी करवत घेऊन दोघे जण यायचे. एक ओंडक्यावर उभा राही, एक खाली खड्ड्यात. दिवसभरात किती चिरी झाल्या यावर मजुरी ठरे. ते ज्या कामाला दिवस लावत, तेच आपण दोन-तीन किलोवॅटच्या इंजिनाकडून तासाभरात मागत असतो.

किती सीसी, किती किलोवॅट

यंत्र ठरवताना झाडाच्या उंचीचा किंवा संख्येचा विचार नंतर करावा. आधी आपल्याला खरोखर चिरायच्या असलेल्या सर्वांत रुंद ओंडक्याचा व्यास मोजावा. घेर टेपने मोजून त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. ४८ इंच घेर म्हणजे साधारण सव्वापंधरा इंच व्यास.

त्यानुसार ढोबळ निवड अशी करता येते:

- दहा-बारा इंचांपर्यंत, वर्षातून कधीतरी: चांगल्या बनावटीचे ५० ते ६० सीसी, किमान अडीच किलोवॅट.
- बारा ते अठरा इंच: ७० सीसी किंवा अधिक, साडेतीन ते चार किलोवॅट.
- अठरा ते चोवीस इंच: ९० सीसीच्या आसपास, पाच किलोवॅट किंवा जास्त.
- त्याहून रुंद: ११० ते १२० सीसी, सहा किलोवॅटच्या पुढे.

उदाहरणादाखल, स्टिल कंपनीचा एमएस २५० हा ४५.४ सीसीचा व २.३ किलोवॅटचा आहे, म्हणजे बागेतल्या छाटणी-तोडणीचा. त्याच कंपनीचा एमएस ३८२ हा ७२.२ सीसी व ३.९ किलोवॅट, एमएस ६६१ हा ९१.१ सीसी व ५.४ किलोवॅट, तर एमएस ८८१ हा १२१.६ सीसी व ६.४ किलोवॅटचा आहे. हस्कवर्नाचा ३१२० एक्सपी ११८.८ सीसी व ६.२ किलोवॅटचा. कंपनीची शिफारस करण्यासाठी ही नावे दिलेली नाहीत. कोणत्या आकाराच्या यंत्रात किती ताकद असायला हवी, हे पडताळण्यासाठी ती वापरावीत.

बहुतेक बागायतदारांचे ओंडके बारा ते अठरा इंचांत बसतात. त्यामुळे माझ्या मते ७० सीसीचा वर्ग सर्वांत उपयोगाचा. तो तोडणीलाही चालतो. १२० सीसीचे धूड नुसते हातात धरून तोडणी करणे मात्र दमवणारे असते. ते फ्रेमवरच शोभते.

लाकूड कठीण किंवा पूर्ण वाळलेले असेल तर वरच्या यादीत एक पायरी वर जावे. वाळलेला बाभूळ, खैर, जुना साग यांत हे लगेच जाणवते. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्याने दात लवकर बोथट होतात. नारळाचे खोड दिसायला मऊ, पण बाहेरचा थर अतिशय घट्ट आणि दातांचा शत्रू. आंबा आणि फणस त्या मानाने सोपे, विशेषतः ओले असताना.

डब्यावरचा आकडा आणि खरी ताकद

बाजारात '५८ सीसी, २२ इंच बार' असे लिहिलेली स्वस्त यंत्रे भरपूर आहेत. काहींवर याहून मोठे आकडेही छापलेले दिसतात. सीसीवर विसंबू नये, किलोवॅटचा आकडा विचारावा. तो पुस्तिकेत नसेल तर सिलिंडरचा बोर आणि स्ट्रोक विचारावा आणि हिशोब स्वतः करावा: बोरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५, सर्व मापे सेंटिमीटरमध्ये. बोर ४.५ सेंमी आणि स्ट्रोक ३.४ सेंमी असेल तर उत्तर ५४ सीसी येते, मग स्टिकरवर काहीही असो. अश्वशक्तीत आकडा सांगितला तर तो १.३६ ने भागून किलोवॅट काढावेत.

बारची लांबी म्हणजे ताकद नव्हे, हेही लक्षात ठेवावे. छोट्या यंत्राला लांब बार लावून विकणे ही जुनी युक्ती आहे. यंत्र तेवढ्या लांबीची साखळी रिकामी फिरवते, लाकडात घातली की दम सोडते.

तौक्तेत आमच्या घरामागचा फणस पडला. सोळा इंचांचा सरळ बुंधा. दुकानदाराने "यावर सगळं होतं" असे सांगून दिलेले ५८ सीसीचे यंत्र मी त्याला लावले. साखळी तीच, यंत्रासोबत आलेली, आडव्या कापाची. पहिल्या दोन फळ्या निघाल्या आणि मला वाटले जमले. तिसऱ्या फळीच्या अर्ध्यावर आवाज बदलला, यंत्र जड चालू लागले. थांबायला हवे होते. उरलेले तीन फूट रेटून नेण्याच्या नादात इंजिन बंद पडले ते पुन्हा दोरीलाही हलले नाही. सायलेन्सर काढून पाहिला तर पिस्टनवर उभे ओरखडे. पिस्टन-सिलिंडरचा संच येईपर्यंत मृग लागला होता. फणसाचा गाभा टिकाऊ म्हणून वाचला, शेजारचा आंबा मात्र काळा पडून भुसभुशीत झाला. दिवाळीनंतर ओळखीच्याकडून ७० सीसीचे यंत्र आणि चिरकामाची साखळी आणून फणसाचे उरलेले काम एका सकाळी झाले.

जुने यंत्र विकत घेत असाल तर याच कारणासाठी सायलेन्सर काढून आतला पिस्टन पाहू द्या असा आग्रह धरावा. पिस्टन गुळगुळीत हवा. इंजिन बंद असताना सुरू करायची दोरी धरून यंत्र लोंबकळत ठेवले तर ते अडखळत, हळूहळू खाली यायला हवे. सरसर खाली आले तर दाब गेलेला आहे.

विजेवर चालणारे चेनसॉ साधारण दोन किलोवॅटच्या आसपास असतात. घराजवळ, व्होल्टेज स्थिर असेल तर आठ-दहा इंची ओंडके सावकाश चिरता येतात. बागेतल्या लांब वायरवर आणि कमी व्होल्टेजवर मोटर तापते. बॅटरीवरची छोटी यंत्रे छाटणीसाठी आहेत, या कामाला ती घेऊ नयेत.

बार, फ्रेम आणि साखळी

फळीची जाडी एकसारखी ठेवण्यासाठी बारवर बसणारी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम लागते. तिला अलास्कन मिल म्हणतात. फ्रेम बारला दोन्ही टोकांना पकडते, त्यामुळे बारच्या लांबीपैकी चार-पाच इंच वाया जातात. २४ इंची बारवर प्रत्यक्षात एकोणीस-वीस इंच रुंदीच मिळते. बार निवडताना ओंडक्याच्या सर्वांत रुंद जागेत किमान पाच इंच मिळवून लांबी ठरवावी आणि ती त्या यंत्राला कंपनीने मान्य केलेल्या मर्यादेत आहे ना ते पाहावे. हाताशी चांगला वेल्डर असेल तर चौकोनी पाइपची फ्रेम गावातही बनते. फक्त दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी हवी, नाहीतर प्रत्येक फळी पाचरीसारखी निघेल.

साखळीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. यंत्रासोबत येणाऱ्या साखळीचे दात ३० अंशांच्या आसपास तिरके घासलेले असतात. ते आडव्या कापासाठी. चिरकामाच्या साखळीत हा कोन साधारण १० अंश असतो. आडव्या कापाच्या साखळीने चिरताना काम हळू होते, यंत्र जास्त तापते आणि फळीवर खोल रेघा उमटतात. चिरकामाची तयार साखळी मिळाली नाही तर जुनी साखळी दर धारेच्या वेळी थोडी थोडी करत १० अंशांवर आणता येते. ३/८ इंच पिचच्या साखळीला ५.२ ते ५.५ मिमीची गोल कानस लागते. दातापुढचा उंचवटा दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६ मिमी खाली असावा. तो जास्त घासला तर साखळी झटके देते, कमी घासला तर नुसता भुसा उडतो आणि बार तापतो. नवी साखळी घेताना पिच, जाडी आणि ड्राइव्ह लिंकची संख्या या तीनही गोष्टी जुन्या साखळीवरून किंवा बारवर कोरलेल्या मापावरून जुळवून घ्याव्यात.

बारच्या वंगणासाठी जळके ऑइल घालू नये. ते फुकट मिळते म्हणून सर्रास वापरले जाते, पण त्यातल्या धातूच्या कणांनी बारची खाच आणि ऑइल पंप झिजतो. चेन ऑइल नसेल तर नवे, स्वच्छ इंजिन ऑइल घालावे. २४ इंचांपेक्षा लांब बारवर टोकाकडे ऑइल पुरेसे पोहोचत नाही. तेथे फ्रेमवर छोटी बाटली बसवून थेंब थेंब ऑइल सोडण्याची सोय करतात.

इंधन आणि कार्ब्युरेटर

कंपनीच्या शिफारशीचे टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बऱ्याच यंत्रांना १:५० म्हणजे लिटरला २० मिली, तर साध्या ऑइलला १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली असे प्रमाण दिलेले असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जे असेल तेच पाळावे, अंदाजाने 'धूर कमी व्हावा' म्हणून ऑइल कमी करू नये. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे. आठवडाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

कार्ब्युरेटर हाताने जुळवण्याचा असेल तर चिरकामासाठी मुख्य स्क्रू किंचित सैल करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढवतात. सलग भाराखाली यंत्र थंड राहते. हे जाणकार मेकॅनिककडूनच एकदा करून घ्यावे. तोडणीचे काम परत सुरू करताना जुळवणी पूर्ववत करावी. नव्या काही यंत्रांत ही जुळवणी आपोआप होते, तेथे स्क्रूच नसतो.

एअर फिल्टर प्रत्येक टाकीला झटकावा. बारीक भुशाने तो फार लवकर भरतो. चीर पूर्ण झाली की लगेच यंत्र बंद करू नये, मिनिटभर मंद चालू ठेवावे म्हणजे पंखा सिलिंडर थंड करतो.

प्रत्यक्ष चिरताना

ओंडका जमिनीपासून फूटभर वर, दोन आडव्या लाकडांवर ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकाव्यात. सुरुवातीचे टोक थोडे उंच ठेवले तर यंत्र आपल्या वजनाने पुढे सरकते, रेटावे लागत नाही. साल तासून काढावी. आमच्याकडे जांभ्याची लाल माती सालीत भरलेली असते आणि एका चिरीत साखळी बोथट करते. बांधावरच्या, कुंपणाच्या झाडांत जुनी तार, खिळे, यू-क्लिप लाकडाने गिळलेल्या असतात. बुंध्यावर निळसर-काळा डाग दिसला तर तेथे लोखंड असण्याची शक्यता धरून ती जागा टाळावी.

पहिल्या चिरीसाठी ओंडक्याला सपाट पाठ नसते. म्हणून वर सरळ ॲल्युमिनियमची शिडी किंवा जाड, सरळ फळी स्क्रूने बसवून तिच्यावरून फ्रेम सरकवतात. ही चीर जितकी सरळ, तितक्या पुढच्या सगळ्या फळ्या सरळ. तेव्हा येथे अर्धा तास गेला तरी चालेल. स्क्रू कापाच्या रेषेपर्यंत पोहोचत नाहीत ना हे मोजून पाहावे. पुढे दर दोन-तीन फुटांवर चिरीत मागून लाकडी पाचर सरकवत राहावे, म्हणजे वरच्या फळीच्या वजनाने साखळी दाबली जात नाही.

यंत्र पुढे रेटावे लागते, भुशाचे पीठ व्हायला लागते, किंवा चिरीतून जळका वास येतो, या तीनपैकी काहीही झाले तर थांबून धार लावावी. कठीण लाकडात दर टाकीला धार लागतेच असे गृहीत धरावे.

या कामात तोंड यंत्राच्या अगदी जवळ असते. वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे, कारण धूर सलग तोंडावर येतो आणि डोके जड होते. आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. कापूस कोंबून भागत नाही, कानावर मफ घालावेत. चष्मा, भुशासाठी मास्क, बंद बूट आणि अंगाबरोबर बसणारे कपडे हवेत. लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या नकोत. तुटलेली साखळी मागे उजव्या बाजूने फेकली जाऊ शकते, तेथे कोणी उभे राहू नये. हाताची बोटे बधिर वाटू लागली तर ते कंपनामुळे. तेव्हा थांबून माणूस बदलावा. एकट्याने हे काम करूच नये.

विकत घ्यावा, भाड्याने आणावा की आरागिरणीत न्यावे?

चेनसॉने चिरताना साखळीच्या रुंदीएवढे, म्हणजे सुमारे तीन सूत लाकूड भुसा होऊन जाते. एक इंची फळ्या काढल्या तर चौथ्या हिश्श्याहून जास्त, साधारण २७ टक्के लाकूड भुशात जाते. आरागिरणीतल्या पट्टा करवतीची चीर एक सुताच्या आसपास असते, तेथे हीच घट ११ टक्के. म्हणून चेनसॉने पातळ फळ्या काढणे महागात पडते. दोन इंची फळ्या, तुळया, चौकटीचे उभे-आडवे तुकडे काढायचे असतील तर घट १६ टक्क्यांवर येते आणि हिशोब जुळतो. सागासारख्या मोलाच्या लाकडात हा फरक रोख पैशात मोजून पाहावा.

मोजणी व्यापाऱ्यांच्या नेहमीच्या रीतीने करता येते. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. ४८ इंच घेराच्या, आठ फुटी ओंडक्याचा चौथा भाग १२ इंच, म्हणजे एक फूट. एकाचा वर्ग एक, गुणिले आठ, म्हणजे आठ घनफूट. ही रीत प्रत्यक्ष लाकडापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी भरते, हे विकताना ध्यानात असू द्यावे. असा ओला ओंडका पाव टनाहून अधिक वजनाचा असतो, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

बागेपर्यंत ट्रॅक्टर येत असेल, ओंडके पाच-दहा असतील आणि आरागिरणी जवळ असेल, तर चिरकामासाठी यंत्र विकत घेऊ नये. घरच्या चेनसॉने योग्य लांबीचे तुकडे करावेत आणि गिरणीत न्यावेत. फळ्या सरळ येतील, लाकूडही वाचेल. याउलट ओंडका खोल वहाळात किंवा घसरणीच्या उतारावर असेल, तेथून आख्खा उचलणे शक्य नसेल, पण फळ्या डोक्यावरून आणता येतील, तर जागेवर चिरण्यासारखा दुसरा मार्ग नाही. गिरणीच्या पट्ट्यात न बसणारा अतिरुंद बुंधा असेल तेव्हाही हेच.

दोन-चार झाडांसाठी ७० किंवा ९० सीसीचे यंत्र घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. ते वर्षभर पडून राहिले की कार्ब्युरेटरच्या पडद्या कडक होतात आणि गरजेच्या वेळी सुरू होत नाही. शेतकरी गटाने एक मोठे यंत्र, एक फ्रेम, दोन बार आणि चार साखळ्या घेऊन दोन तरुणांना नीट शिकवले, तर पंचक्रोशीचे काम होते. यंत्र गटाचे आणि चालवणारे ठरलेले असावेत. दर वेळी वेगळा हात लागला तर यंत्र एका हंगामात जाते.

तोडण्याआधी आणि चिरण्याआधी परवानगी

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, बिवळा, अंजन, चंदन अशा झाडांचा समावेश आहे. ही झाडे आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्यासाठी परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचेही फोटो काढून तलाठ्यांना आणि वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. झाड पडलेले होते की पाडले, हा वाद नंतर सुटत नाही. लाकूड शेताबाहेर नेताना वाहतूक परवाना लागतो का, हेही त्याच वेळी विचारावे.

यंत्राने लाकूड चिरण्याच्या व्यवसायाला आरागिरणीचे नियम लागू होतात आणि परवान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे कडक निर्देश आहेत. स्वतःच्या झाडाच्या चार फळ्या स्वतःसाठी काढणे वेगळे आणि मोबदला घेऊन गावभर चिरकाम करणे वेगळे. गटाने यंत्र घेण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून आपल्या कामाला परवाना लागतो की नाही, याचे लेखी उत्तर घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला यंत्राची माहिती देताना हा कागद आधी मागावा.

चिरल्यानंतर

तोड आणि चिरकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर करणे चांगले. हवा कोरडी असते आणि पावसाआधी फळ्यांना तीन-चार महिने मिळतात. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना तोडल्याबरोबर जुना रंग किंवा मेण फासावे, म्हणजे टोकाकडून तडे जात नाहीत. ओंडक्याच्या मध्यबिंदूतून जाणारी फळी वाळताना हमखास तडकते, ती वेगळी काढून तिच्या अरुंद पट्ट्या कराव्यात.

फळ्या छपराखाली, जमिनीपासून दीड फूट वर, एकावर एक रचाव्यात. प्रत्येक थरात दर दीड-दोन फुटांवर पाऊण ते एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, सगळ्या एकाच उभ्या रेषेत ठेवाव्यात. वर दगड ठेवून भार द्यावा. थेट ऊन लागू देऊ नये. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा जुना अंदाज कोकणच्या दमट हवेत धरून चालावा.

आंब्याला उशीर चालत नाही. तोडल्यावर दोन आठवड्यांत चिरला नाही तर आधी निळसर बुरशी आणि मग भुंगा लागतो. चिरल्या दिवशीच आंब्याच्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून किंवा दोन्ही बाजूंनी भरपूर फासून मगच रचाव्यात. साग आणि फणसाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही हाच हात द्यावा. त्यांच्या आतल्या गाभ्याला त्याची गरज नसते.